वायव्य कोपऱ्यातला कप्पा

पडद्यावर मंदिर निळं दिसत होतं, आणि ते तसंच दिसायला हवं होतं.

विटाटेकावरच्या तंबूत डॉ. प्रणाली कापगते आणि रुबिना शेख सकाळपासून पडद्यासमोर बसल्या होत्या. बाहेर यंत्राचा लांब हात मंदिराच्या जोत्यावर वाकला होता आणि विटांच्या सांध्यांतून सुईएवढी बारीक सळई आत सरकवत होता. सळई एकेका कणाशी थांबायची, कण वाचायची, पुढे जायची. पडद्यावर एकेक वीट रंगत होती. निळा रंग म्हणजे दीड हजार वर्षांचा काळोख. पिवळा म्हणजे अलीकडचा.

मांडवपार हे वैनगंगेच्या काठचं लहानसं गाव. गावाबाहेरच्या टेकाडाला लोक पिढ्यान् पिढ्या विटाटेक म्हणत आणि चुलीसाठी, गोठ्यासाठी तिथून विटा उचलून नेत. बत्तीस वर्षांपूर्वी डॉ. विश्वंभर खानझोडे यांनी तिथं खोदकाम केलं आणि टेकाडाच्या पोटातून वाकाटकांच्या काळातलं अख्खं विटांचं मंदिर वर आलं. चौकोनी गाभारा, पुढे मंडप, आणि खाली पुरुषभर उंचीचं जोतं. खरी करामत त्या जोत्यातच होती. नदीकाठची माती मऊ, शिखराचा भार ती पेलणार नाही, हे बांधणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी जोतं भरीव केलंच नाही. आडव्या-उभ्या भिंती घालून मसाल्याच्या डब्यासारखे कप्पे केले, प्रत्येक कप्प्यात माती आणि विटांचे तुकडे धुमसून भरले, आणि वर फरसबंदी केली. भार सगळ्या कप्प्यांवर वाटला गेला. शिखर कधीच पडून गेलं, पण जोतं तसूभरही खचलं नाही.

हे मंदिर एका राजानं बांधलं की दोघा-तिघांनी टप्प्याटप्प्यानं, हा जुना वाद होता. तो मिटवायला तमोमापी यंत्र आणलं होतं.

तमोमापी म्हणजे काळोख मोजणारं यंत्र. त्यामागचं शास्त्र नवं नव्हतं. माती, वाळू, विटा, सगळ्यांत गारगोटीचे बारीक कण असतात. भोवतालच्या मातीत क्षीण किरणोत्सार असतोच. त्याच्या माऱ्यानं कणातले इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि स्फटिकाच्या सांदीकोपऱ्यांत अडकून बसतात. कण जितका जास्त काळ अंधारात, तितके अडकलेले इलेक्ट्रॉन जास्त. कणावर ऊन पडलं की ते सगळे सुटतात आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. भट्टीची धगही तेच करते. म्हणून विटेच्या गाभ्यातला कण वीट कधी भाजली ते सांगतो, आणि पृष्ठभागावरचा कण तिनं शेवटचं ऊन कधी पाहिलं ते सांगतो.

पूर्वी यासाठी नमुने काळ्या नळ्यांत भरून प्रयोगशाळेत न्यावे लागत, उत्तर यायला महिने लागत आणि त्यात शंभर-दोनशे वर्षांची चूक सहज असे. रुबिनाच्या गटानं बनवलेली सळई जागच्या जागी एकेक कण वाचत होती आणि चूक एखाद्या वर्षाच्या आत आली होती. एकच अडचण होती. वाचण्यासाठी कणावर प्रकाश टाकावा लागे, आणि प्रकाश पडला की घड्याळ शून्यावर. कुठलाही कण एकदाच वाचता येई. यंत्र येऊन दोन वर्षंही झाली नव्हती, पण प्राचीन म्हणून मूर्ती विकणाऱ्यांची झोप उडाली होती. मूर्तीला चिकटलेली माती हजार वर्षांपूर्वी पुरलेली आहे की मागच्या दिवाळीत, हे आता मातीच सांगू लागली होती.

"ताई, हे बघा," रुबिना म्हणाली.

वायव्य कोपऱ्यातला एक कप्पा पिवळा होता.

"वरची फरसबंदी असेल," प्रणाली म्हणाली. "खोदकाम संपल्यावर सरांनी जोत्याचे वरचे दोन थर नव्यानं बांधून घेतले होते."

"वरचं नाही. खालपर्यंत."

प्रणाली पडद्याजवळ सरकली. खानझोडे सरांच्या ग्रंथात या कप्प्याचा उल्लेख 'न उघडलेला' असा होता. हा कोपरा कच्चा आहे, इथं हात लावायचा नाही, असं सर प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत. तिलाही सांगितलं होतं.

"घुशींनी पोखरलं असेल?"

"घूस माती बाहेर काढते ताई, आत भरत नाही." रुबिनानं चित्र मोठं केलं. "तळाशी बघा. विटा आहेत, पण वेड्यावाकड्या. मधली भिंत पडलीय. पण या विटांमधली माती निळीच आहे. म्हणजे भिंत पडली तेव्हा तिच्या आतल्या मातीला ऊन लागलंच नाही. आणि त्यावर ही भर, पूर्ण पिवळी. बत्तीस वर्षं. ही भरउन्हात टाकलेली आहे."

"म्हणजे भिंत अंधारात पडली, आणि माती उजेडात टाकली."

"हो. आणि मध्ये पोकळी आहे. लांबट. इथं गारगोटीच नाही." रुबिनानं सळई थोडी पुढे सरकवली. टोकाला लागलेल्या वस्तूत कोणती मूलद्रव्यं आहेत तेही यंत्र सांगत असे. "कॅल्शियम. फॉस्फरस. चुना म्हणावा का?"

"चुन्यात फॉस्फरस नसतो," प्रणाली म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. "हाड आहे."

"जनावराचं?"

"पुढे जा."

सळई वीतभर पुढे गेली आणि अडली. पडद्यावर एकच शब्द आला. तांबं.

प्रणाली उठून बाहेर आली. वायव्य कोपऱ्यात दुपारी मंडपाच्या उरलेल्या भिंतीची सावली पडते. विद्यार्थिनी होती तेव्हापासून ती रोज त्याच फरसबंदीवर बसून डबा खात आली होती. ती तिथवर गेली, पण फरसबंदीवर पाय ठेवणं तिला जमेना. ती तशीच काठावर उभी राहिली.

तिचे वडील हिवराज कापगते या खोदकामावर मजूर होते. हात हलका, म्हणून नाजूक जागा त्यांच्याकडे. ती सहा वर्षांची असताना खोदकामात वामनाची वीतभर तांब्याची मूर्ती सापडली आणि दुसऱ्याच दिवशी मूर्तीसह हिवराज नाहीसा झाला. पोलिसांत तक्रार गेली. कुणी म्हणालं गोंदियाला दिसला, कुणी म्हणालं रायपूरला दुसरी बाई ठेवून राहतोय. प्रणालीची आई त्या ऐकीव पत्त्यावर रायपूरला जाऊन अनोळखी दारं ठोठावून आली होती. शाळेत प्रणालीचं नाव पडलं, वामनचोराची पोर. सातवीनंतर तिला त्या नावापासून सोडवून नागपूरच्या वसतिगृहात नेलं ते खानझोडे सरांनी. पुस्तकं त्यांची, कपडे त्यांच्या पत्नीनं शिवलेले, दिवाळी त्यांच्या घरी. खोदकामातला ब्रश कसा धरायचा हेसुद्धा त्यांनीच तिचं मनगट पकडून शिकवलं होतं.

रुबिना मागून आली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. "ताई, पोलिसांना कळवायला हवं ना?"

"उद्या," प्रणाली म्हणाली. "आधी मला नागपूरला जायचंय."

*

खानझोडे सरांनी ऐंशी ओलांडली होती. चालताना आधार लागे, पण बुद्धी तल्लख होती. पुढच्या महिन्यात विद्यापीठ त्यांचा सत्कार करणार होतं. ते गॅलरीत वेताच्या खुर्चीवर बसले होते.

"अशी अचानक? जेवलीस का?"

"वायव्येच्या कोपऱ्यात सळई घातली, सर."

त्यांनी चष्मा काढला. "कुणाच्या परवानगीनं?"

"नव्या संचालकांच्या. अख्खं जोतं मोजायचं ठरलंय." ती उभीच होती. "मधली भिंत अंधारात पडलीय. वरची माती उजेडात टाकलीय, बत्तीस वर्षांपूर्वी. खाली हाड आहे आणि तांबं आहे."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मूर्ती शाबूत आहे?" त्यांनी विचारलं.

"माणूस आहे, सर."

सरांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ते बोलू लागले तेव्हा आवाज वर्गातल्यासारखाच होता, एकामागून एक मुद्दे मांडल्यासारखा. ती मूर्ती त्याच कप्प्यात सापडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मंत्री येणार होते. त्यांच्या देखत, त्यांच्या हातून मूर्ती वर निघाली तर खोदकामाला पुढची पाच वर्षं कुणी हात लावणार नाही, असं सरांना वाटलं. म्हणून त्यांनी मूर्ती पुन्हा कप्प्यात ठेवायला लावली आणि कुणाला न सांगता हिवराजला राखण बसवलं.

"सकाळी पाहिलं तर आतली भिंत कोसळलेली. हिवराज दिसला नाही. मला वाटलं, भिंत पडताना त्यानं मूर्ती काढली असेल आणि ती घेऊन माझ्या मुक्कामावर गेला असेल. मंत्री तासाभरात येणार होते. वाकाटकांची भिंत माझ्या हलगर्जीपणानं पडली, हे त्यांना दाखवायचं होतं का मी? मी बायांना सांगितलं, भरा, सपाट करा."

"आणि शंका कधी आली?"

"त्याच संध्याकाळी."

गॅलरीखालून भाजीवाला ओरडत गेला. प्रणालीनं कठडा धरला.

"संध्याकाळी. आणि तरी चोरीची तक्रार दिलीत?"

"तो खाली असेल तर संपलाच होता. खाली नसेल तर चोर होता. उघडून कोण परत येणार होतं? खोदकाम मात्र बंद पडलं असतं. मंदिर पुन्हा मातीत गेलं असतं." ते पुढे म्हणाले, "असं मी स्वतःला सांगितलं. रोज सांगितलं."

"मला शिकवलंत ते कशासाठी?"

"पहिली एक-दोन वर्षं भीतीपोटी," ते म्हणाले. "पुढं नाही. पुढं तू आमचीच झालीस. हे तुला पटणार नाही, पण खरं आहे."

तिला ते पटलं, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

"प्रणाली, अहवाल तूच लिहिणार आहेस. भाग पोखरलेला आहे, वाचन विश्वासार्ह नाही, असं लिही. मी गेल्यावर काय करायचं ते कर. फार दिवस नाहीत."

"मी उद्या पोलिसांना कळवणार आहे."

"माझ्यासाठी म्हणत नाही मी." सरांनी पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं. "कप्पा भरायला कोण बाया होत्या, हे तू विचारलं नाहीस. पुस्तकला होती त्यांत. तुझी आई. सगळ्यांत पुढे. तिनं काय टाकलं, कुणावर टाकलं, हे तिला सांगणार आहेस?"

*

मांडवपारला परतताना प्रणालीनं वाटभर वाक्यं जुळवली आणि मोडली. वडील सापडले एवढंच सांगावं. भिंत पडून गेले एवढंच सांगावं. माती भरल्याचं नंतर कधीतरी.

पुस्तकलाबाई अंगणात लाखोरीची डाळ वाळत घालत होत्या. साठी उलटली तरी हात भराभर चालत होते. लेकीला पाहून त्या उठल्या नाहीत. "आज काऊन आली? रविवार तं नाई."

प्रणाली त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "आई, बाबा पळून गेले नव्हते."

हात थांबला.

"ते रायपूरला नव्हते. कुठंच नव्हते. ते इथंच आहेत. विटाटेकावर. भिंत अंगावर पडली त्यांच्या. मूर्ती पण तिथंच आहे."

पुस्तकलाबाईंनी मुठीतली डाळ खाली सोडली. मग म्हणाल्या, "कोन्या कोपऱ्यात?"

"आई..."

"कोन्या कोपऱ्यात, सांग ना."

"नदीकडच्या. वायव्येच्या."

"तो तं आमी भरला."

प्रणालीनं जुळवलेलं एकही वाक्य उपयोगाला आलं नाही. आई एका श्वासात तिथं पोचली होती.

"आमी भरला बाई तो. मंत्री येनार होता. साहेब म्हने लवकर करा, लवकर करा. मी सगळ्याइच्या म्होरं. तुया बापावर राग होता मले, रातभर घरी आला नाई म्हनून. रागारागानं टोपले टाकले मी." त्यांचा आवाज चढला नाही, उलट लहान होत गेला. "गानं म्हनत होतो गा आमी. गानं म्हनत माती टाकली."

प्रणालीनं त्यांचा हात धरायला हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला.

"बत्तीस वर्सं शिव्या देल्ल्या मी त्या मानसाले. रोज. कुंकू लावतानी शिव्या देत होती." आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "जिता होता का तो तवा?"

"माहीत नाही, आई."

"तुया यंत्राले माहीत नाई?"

"नाही."

त्या वेळी ते खरं होतं.

*

कप्पा उघडायचा म्हणजे वरची फरसबंदी आणि काही मूळ विटा काढायच्या होत्या. वरच्या परवानग्या लागल्या, पण हाड म्हटल्यावर त्या लवकर आल्या. पोलीस आले, भंडाऱ्याहून डॉक्टर आले. अख्खं गाव टेकाडावर जमलं होतं. एकेक वीट खडूनं आकडा घालून बाजूला ठेवली गेली. नवे थर निघाले आणि खालची मोकळी, पिवळसर माती दिसली.

पुस्तकलाबाई गर्दीतून पुढे आल्या. पदर कमरेला खोचलेला.

"माती मी काढतो," त्या म्हणाल्या.

फौजदार तरुण होता. "बाई, हे सरकारी काम आहे. पुरावा आहे हा."

"टाकली मी. कोन्या सरकारनं तवा नाई म्हनलं?"

फौजदारानं प्रणालीकडे पाहिलं. प्रणाली कप्प्यात उतरली आणि आईच्या हाती घमेलं दिलं. "मी भरते. ती नेईल. प्रत्येक थर मी पाहिल्याशिवाय एक मूठही हलणार नाही."

फौजदार बाजूला झाला. प्रणाली करणीनं माती खरवडत होती, घमेलं भरत होती, आणि तिची आई ते उचलून चाळणीपाशी नेऊन रितं करत होती. गावातल्या दोन म्हाताऱ्या पुढे झाल्या. त्याही त्या दिवशी माती टाकणाऱ्यांत होत्या. त्याही घमेली उचलू लागल्या.  ज्यांनी कधीकाळी हिवराजला रायपुरात पाहिलं होतं, ते मागच्या मागे घरी गेले.

विटांचा ढीग लागला. मग हिवराज लागला. तो अंगाची जुडी करून कुशीवर पडला होता. पोटाशी दुपट्ट्याच्या चिंध्यांत वामन होता, हिरवा पडलेला, पण एक ओरखडाही नसलेला. भिंत ढासळू लागल्यावर हा माणूस मूर्ती उचलायला खाली उतरला होता, एवढं कुणालाही कळत होतं.

डॉक्टर खाली वाकले. "कवटीला मागून फट आहे. बहुधा लगेच गेला असेल."

ते 'बहुधा' प्रणालीच्या कानांत राहिलं. ती बापाच्या उजव्या हाताची हाडं मोकळी करत होती. बोटं आत वळलेली होती आणि त्यांच्यामध्ये मातीचा गच्च गोळा होता. तिच्या हाताला कामाची सवय होती, म्हणून तिनं तो गोळा काळ्या कापडाखाली काळ्या नळीत घेतला आणि झाकण लावलं. बाकी सगळं पोलिसांनी नेलं. ती नळी कुणी मागितली नाही, कारण तिच्यात नुसती माती होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूत तिनं नळी यंत्राला जोडली. पडदा निळा होणार, याची तिला खात्री होती. भिंतीची माती निळी होती. मेलेल्या माणसाच्या हातात भिंतीचीच माती असणार.

पहिला कण पिवळा आला. दुसरा पिवळा. सळई गोळ्यात खोल शिरली. पिवळा, पिवळा, पिवळा.

रुबिना खुर्चीवर पुढे सरकली. "ताई, ही वरची माती आहे. बायांनी टाकलेली. विटांमधून झिरपून हातात आली असेल."

"मूठ मिटलेली होती."

"पण डॉक्टर तर म्हणाले..."

"मूठ मिटलेली होती, रुबिना. मी स्वतः एकेक बोट सोडवलंय. गोळ्यावर बोटांचे वळ आहेत. माती आधी आली. मग मूठ मिटली."

रुबिनानं तोंडावर हात ठेवला.

बाहेर मजूर जोत्यावर प्लास्टिक अंथरत होते. कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं.  त्या सकाळी, उजाडल्यावर, माणसं वर ये-जा करत असताना, ओळखीचा आवाज गाणं म्हणत असताना, तिचा बाप खाली होता. त्याला हाक मारता आली नसेल. विटांखालून त्याचा एकच हात मोकळा असेल, आणि वरून माती येत होती.

रुबिनानं अगदी हळू विचारलं, "हे नोंदवायचं का?"

प्रणालीला उत्तराची दोन्ही टोकं स्पष्ट दिसत होती. हे कागदावर आलं की सरांवरचा खटला बदलेल. माहिती लपवली, खोटी तक्रार दिली, एवढ्यावर तो थांबणार नाही. ते त्यांना मिळायला हवं होतं, पुरेपूर हवं होतं. पण कोर्टात पहिला प्रश्न येईल, माती कुणी टाकली. आणि साक्षीला पुस्तकला कापगते उभी राहील. सरांना ते ओझं द्यायचं तर आईच्या डोक्यावरून न्यावं लागत होतं. आईला वाचवायचं तर सरही वाचत होते. दोघांना वेगळं करता येत नव्हतं. यंत्राला कणाचं वय कळत होतं. पुढचं तिला एकटीला ठरवायचं होतं.

रुबिना उठली. "मी चहा घेऊन येते," ती म्हणाली, आणि नोंदीचं पान उघडंच ठेवून बाहेर गेली.

प्रणालीनं पान पुसलं. मग नळी घेऊन ती तंबूबाहेर आली. नळीत न वाचलेले पुष्कळ कण उरले होते. भरउन्हात तिनं झाकण उघडलं आणि गोळा तळहातावर घेऊन चुरला. माती तशीच दिसत होती, पिवळसर, कोरडी, वैनगंगेच्या काठची. तिच्यातला शेवटचा काळोख निघून जायला फारसा वेळ लागला नाही.

संध्याकाळी आईनं विचारलं. अंगणातच, जेवण वाढता वाढता, तिच्याकडे न बघता. "तुया यंत्रानं काई सांगतलं का मंग?"

"सांगितलं," प्रणाली म्हणाली. "भिंत पडली तेव्हाच गेले होते ते. माती टाकायच्या खूप आधी. काही कळलं नसेल त्यांना."

पुस्तकलाबाईंनी ताटात भात वाढला. मग ओंजळीत तोंड धरून त्या रडल्या, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. प्रणाली त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

*

सत्कार रद्द झाला. वय पाहून कोर्टानं खानझोडे सरांना जामीन दिला. पोलिसांसमोर त्यांनी काहीही नाकारलं नाही. गावानं हिवराजच्या अस्थी नदीवर नेल्या तेव्हा सगळी घरं बंद होती, सगळी माणसं घाटावर होती. वामनाची मूर्ती संग्रहालयात जाण्याआधी सरपंचांनी ती पुस्तकलाबाईंच्या अंगणात आणून ठेवली. त्यांनी तिला हात लावला नाही. नुसतं पाहिलं.

प्रणाली सरांना पुन्हा भेटणार नव्हती. पण त्यांची पुस्तकं, त्यांच्या पत्नीनं दिलेली शाल, असं काही तिच्याकडे राहिलं होतं. ते परत करायला म्हणून ती एका सकाळी गेली. ते खाटेवर होते. खूप खंगले होते. तिला पाहून त्यांनी उठायचा प्रयत्न केला.

"बस," ते म्हणाले. "बसलीस तर बरं वाटेल."

ती बसली.

"मी डॉक्टरांचा अहवाल वाचला. वकिलांनी आणून दिला." शब्द सुट्टे सुट्टे येत होते. "लगेच गेला म्हणतात. भिंत पडताक्षणी. तेवढं एक बरं झालं. इतकी वर्षं तेच मनात होतं बघ. की माती टाकताना तो... पण नाही. म्हणजे त्या मातीचा काही संबंध नव्हता. बाकीचं जे असेल ते माझं. पण ते नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच थोडा आराम दिसत होता. शिकवून झाल्यावर खडू खाली ठेवावा, तसा.

प्रणाली काही सांगायचं ठरवून आली नव्हती. 

"उजव्या मुठीत वरची माती होती, सर," ती म्हणाली. "पिवळी. मूठ मातीवर मिटलेली होती."

त्यांना समजायला वेळ लागला नाही. सगळ्या हयातीत त्यांनी हेच शिकवलं होतं, कुठला थर आधी आणि कुठला नंतर. त्यांचा हात चादरीवर पसरला आणि आकसला.

"अहवालात नाही हे," ते कसेबसे म्हणाले.

"नाही. आणि येणार नाही. उरलेली माती मी उन्हात टाकली. आईला सांगितलंय, ते आधीच गेले होते."

"मग मला..." त्यांचा श्वास लागला. "मला कशाला सांगितलंस?"

प्रणाली उठली. शाल तिनं खुर्चीच्या पाठीवर घडी करून ठेवली.

"मला एकटीला पेलवत नव्हतं," ती म्हणाली. "आणि तुम्हाला गप्प राहायची सवय आहे."